नऊ नंबरचं नाव

इथले अनुभव मी दोन-तीन वर्षं वाचतेय. खरं सांगते, बरेचदा हसू आलंय... कुणाला पैंजण ऐकू येतात, कुणाला वळणावर पांढरी साडी दिसते. मी कल्याणजवळच्या मोहन्याची, कामगारांच्या चाळीत वाढलेली. आमच्या घरात बुद्धवंदना व्हायची. अंगारे, उतारे, नजर काढणं, यातलं काही उंबऱ्याच्या आत आलं नाही. चाळीत कुणाच्या अंगात आलं की बाबा आम्हाला मुद्दाम बघायला न्यायचे आणि परत येताना विचारायचे, "बोला, काय काय खोटं होतं त्यात?" त्यात भर म्हणजे मी पुढे ग्रंथपाल झाले, कल्याणच्या एका कॉलेजात. त्या नोकरीत माणसाचा स्वभावच तसा बनतो — आधी कागद दाखवा, मग बोला. रजिस्टरात नोंद नाही तर पुस्तक नाही, मग ते समोरच्या कपाटात का दिसेना.

तर अशी मी, आणि हे लिहायला बसलेय. हसायचं असेल तर हसा, माझं काही म्हणणं नाही.

मी रिटायर झाले त्याच वर्षी माझा एक जुना विद्यार्थी निलेश घरी आला. कल्याणात खो-खोचं एक जुनं मंडळ आहे, त्याचा तो आता अध्यक्ष. मंडळाला साठ वर्षं होत होती, स्मरणिका काढायची होती.

"मॅडम, कपाटभर कागद आहेत. काय ठेवायचं आणि काय रद्दीत घालायचं, आमच्यात कुणालाच कळत नाही. तुम्ही एकदा हात फिरवा ना."

मी लगेच हो म्हटलं. त्याला वाटलं मॅडमना खेळाची आवड आहे. कारण वेगळं होतं, ते मी त्याला सांगितलं नाही.

माझी मोठी बहीण, शालूताई, या मंडळाकडून खेळायची. आमच्यात नऊ-दहा वर्षांचं अंतर. मी आठ वर्षांची असताना ती काविळीनं गेली. त्यामुळे माझ्याकडे तिची म्हणून जी आठवण आहे ती फार थोडी, बाकी सगळं आईनं सांगितलेलं. मोहन्याहून कल्याणला कधी बसनं, कधी चालत प्रॅक्टिसला जायची. ठाण्याला फायनलमध्ये अशी पळाली की बघणारे उठून उभे राहिले. जिल्ह्याची ढाल आणली... ताईचे दोन फोटो होते घरात. पुराच्या वर्षी नदी चाळीत शिरली तेव्हा ते ट्रंकेसकट गेले. बाबा त्याआधीच गेले होते, आईही पुढे गेली. शालूताई खेळायची हे सांगणारं माझ्या माहितीत कोणी उरलं नाही.

आणि कबूल करते, मला स्वतःलाच खात्री नव्हती. मेलेल्या लेकीच्या गोष्टी आईच्या तोंडी वर्षागणिक वाढत गेल्या होत्या. शेवटी शेवटी तर ती सांगायची की ताईला विमानानं दिल्लीला बोलावलं होतं! मला विमान नको होतं, दिल्ली नको होती. तिचं नाव असलेला एक कागद हवा होता.

मैदानामागच्या खोलीत लोखंडी कपाट होतं. चार महिने मी तिथे बसले. गंजलेल्या टाचण्या काढायच्या, ब्रशनं धूळ झटकायची, मध्ये बटर पेपर घालायचा, नंबर टाकायचा, मोबाइलवर स्कॅन करायचं. हजेरीपुस्तकं, गुणपत्रकांच्या कार्बन प्रती, संघनिवडीची पत्रं, बक्षीस समारंभांचे फोटो. बाहेर संध्याकाळच्या प्रॅक्टिसला मुली यायच्या, "खो... खो..." असा आवाज खिडकीतून येत राहायचा, आणि मी पानं उलटत राहायचे.

ताईच्या दोन वर्षांची हजेरीपुस्तकं वाळवीनं खाल्लेली. पुठ्ठे शिल्लक, आत भुगा. पण ठाण्याच्या त्या फायनलचं गुणपत्रक निघालं, अगदी धड. कुमारी गट, म्हणजे अठराच्या आतल्या मुली. बारा नावं. सोबत ढालीबरोबरचा फोटो, त्यातही बारा मुली. मी बोट ठेवून एकेक नाव वाचलं. परत वाचलं. शालिनी नव्हती. नऊ नंबर कुंदा, दहा नंबर विमल, अकरा नंबर रोहिणी... शालिनी कुठेच नव्हती. फोटोतले चेहरे भिंगाखाली बघितले. एकही माझ्या ताईचा नव्हता.

त्या दिवशी मी रिक्षा न करता चालत घरी आले. मला आईचा राग आला होता. नसलेल्या आईचा. काय गरज होती एवढं रचून सांगायची?

तरी चिकाटी सुटली नाही. तेव्हाचे कोच आणि सेक्रेटरी दोन्ही एकच गृहस्थ होते, करंदीकर सर, शाळेत पीटीचे शिक्षक. निलेश म्हणाला, "आहेत की. डोंबिवलीला असतात. अठ्ठ्याऐंशीचे झालेत. सकाळी काय खाल्लं ते विसरतात, पण जुनं विचारा, धबाधबा सांगतील."

मी दर रविवारी अकरा वाजता त्यांच्याकडे जायला लागले. त्यांची सून मेधाताई माझ्याच वयाची, फार मोकळी बाई. मी सरांना माझं लग्नानंतरचं आडनाव सांगितलं. मोहने, शालू, चाळ यातलं अवाक्षर काढलं नाही. हे मुद्दाम. साक्ष घेताना आपल्याला काय ऐकायचंय ते समोरच्याला कळू द्यायचं नसतं. मेधाताईंनाही बोलले नव्हते, निलेशलाही नाही. घरी माझ्या मिस्टरांना एवढंच माहीत होतं की मी मंडळाचं काम करतेय.

पहिले तीन रविवार छान गेले. सरांचा आवाज खणखणीत. मैदान कसं मिळालं, पहिले खांब कोणी रोवले, पावसाळ्यात चिखलात मुली सूर मारायला तयार नव्हत्या तेव्हा ते स्वतः कसे सूर मारून दाखवायचे... सगळं मी मोबाइलवर रेकॉर्ड करत होते. मला ते "मॅडम" म्हणायचे, "तुम्ही" म्हणायचे.

चौथा रविवार.

सर त्यांच्या खुर्चीत, मी समोर स्टुलावर. बाल्कनीच्या दाराशी एक वेताची खुर्ची होती, रिकामी. मेधाताई स्वयंपाकघरात. लख्ख ऊन आलेलं घरात. मी रेकॉर्डिंग सुरू केलं आणि तो ढालीचा फोटो सरांच्या हातात दिला. सर बोट फिरवत एकेक नाव सांगायला लागले. न अडखळता. एका मुलीवर बोट थांबलं.

"ही कुंदा," मीच म्हटलं. "गुणपत्रकात नऊ नंबर."

मागून कोणी हाक मारल्यावर वळतो तसं सरांनी बाल्कनीकडे मान वळवली.

"हो," ते म्हणाले. "सांगतो."

मला वाटलं मेधाताई आल्या. मी बघितलं, कोणी नव्हतं.

"अगं, सांगतो म्हटलं ना. जरा दम धर."

"सर... कोणाशी बोलताय?"

"ही बघा ना. इतक्या वर्षांनी आली, आणि आल्या आल्या घाई." हसले ते. मग माझ्याकडे वळले आणि एकदम शिक्षकाच्या आवाजात म्हणाले, "मॅडम, लिहून घ्या. नववा नंबर कुंदा खेळली नाही. कुंदाचा पाय मुरगळला होता, ती बाकावर बसून होती. पळाली ती शालू. शालिनी गायकवाड, मोहन्याची."

ते रेकॉर्डिंग मी नंतर कितीदा ऐकलंय. या वाक्यानंतर बराच वेळ काहीच नाही. पंख्याचा आवाज आणि आतून कुकरची एक शिट्टी. मी त्या वेळी काय केलं, मला आठवत नाही.

मग सर पुढे सांगायला लागले. मध्येमध्ये थांबायचे, त्या खुर्चीकडे कान द्यायचे, "बरोबर" म्हणायचे आणि पुढे जायचे.

"शाळेच्या दाखल्यावर तिची जन्मतारीख एक जून. तुम्हाला ठाऊकच असेल, आईबापांना तारीख सांगता आली नाही की हेडमास्तर एक जून टाकून मोकळे व्हायचे. वर्षसुद्धा अंदाजानं. त्या दाखल्याप्रमाणे ती अठरा ओलांडलेली. प्रत्यक्षात..." खुर्चीकडे बघून, "किती गं होतीस? ... हं. सतरा. तीही पुरती नव्हती. तिची आई मला भेटायला आली होती, म्हणाली गुरुजी, भाताची लावणी चालू होती तेव्हा झाली ही, पुराव्याला काय आणू? दाखला खोटा होता मॅडम. म्हणून मीही गुणपत्रक खोटं लिहिलं. तिला कुंदाच्या नावानं उतरवली."

"मग?"

"मग काय! शेवटच्या डावात शिट्टी होईपर्यंत नाबाद. समोरच्या पोरी रडकुंडीला आल्या. एवढीशी पोर, वाऱ्यासारखी वाकायची." सरांचा चेहरा उजळला होता. मग एकदम उतरला. "फोटोच्या वेळी पाहुणे आले. यादी वाचून एकेकीला पुढे बोलावणार म्हणाले. तिथे खरी कुंदा उभी करावी लागली. मी शालूला म्हटलं, तू जरा बाजूला हो. एवढंच म्हटलं. झाली बाजूला. काही बोलली नाही. सगळ्यांच्या चपला गोळा करून तिकडे उभी राहिली. मी तिला शब्द दिला, पुढच्या वर्षी खुल्या गटात तुझ्या नावानं खेळवतो."

"आणि खेळवलंत?"

"पुढचं वर्ष कुठे आलं तिला?"

मी फोटो त्यांच्या हातातून काढून घेतला. माझं डोकं ठिकाणावर होतं हे नक्की सांगते. मी स्वतःला समजावत होते, म्हाताऱ्या माणसाच्या मनात गेली पन्नास वर्षं एक ओझं आहे, ते आता असं बाहेर येतंय. साधी गोष्ट आहे.

तेवढ्यात सरांनी पुन्हा खुर्चीकडे मान वळवली. या वेळी खूप वेळ ऐकत राहिले. कपाळाला आठी पडली, आपल्याला न कळणारा निरोप कोणी देत असलं की पडते तशी. मग माझ्याकडे बघितलं.

"ती विचारतेय," सर म्हणाले, "बेबी, लंगडी जिंकलीस का?"

आता हे सांगते.

घरात मला बेबी म्हणायचे. ताई गेली त्या दिवशी ती पुढच्या खोलीत खाटेवर होती. डोळे पिवळेधमक. बाबा ड्युटीवर, आई रिक्षा बघायला गेलेली. मला सांगून गेली होती, ताईपाशी बस, हलू नकोस. चाळीमागे मुलींची लंगडी चालली होती, त्या मला हाका मारत होत्या. मी चुळबुळ करत होते. ताईनं डोळे उघडले आणि म्हणाली, "जा. पण जिंकून ये." मी पळाले. अर्ध्या तासानं धावत आत आले तर खाट रिकामी. चादर अर्धी खाली लोंबत होती. शेजारच्या मावशी म्हणाल्या, शुद्ध हरपली होती गं, आई यायची वाट न बघता चाळीतल्या माणसांनी उचलून दवाखान्यात नेलं तिला. ती परत घरी आली नाही. शुद्धीवर येऊन कोणाशी बोललीही नाही.

मी उठून खेळायला गेले, हे मी आईला सांगितलं नाही. आई विचारायची, बेबी तू होतीस ना गं तिच्यापाशी? मी हो म्हणायचे. आई जाईपर्यंत हो म्हणत राहिले. नवऱ्याला नाही सांगितलं, मुलीला नाही. कुठे लिहून ठेवलं नाही. त्या खोलीत आम्ही दोघीच होतो, आणि आमच्यातली एक त्याच संध्याकाळी गेली.

रेकॉर्डिंगमध्ये माझा आवाज येतो. स्वतःचा आवाज ओळखू येत नाही मला, इतका बारीक. "जिंकले," मी म्हणतेय. "जिंकले ताई. सांगायला आले होते मी."

सर खुर्चीकडे वळून म्हणाले, "जिंकली म्हणते." मग थोडं थांबले. हसले. आणि मोठ्यानं म्हणाले, "मेधा, चहा झाला का गं?"

मेधाताई दारातच उभ्या होत्या, ट्रे घेऊन. त्यांनी शेवटचं सगळं ऐकलं होतं. चहा सांडलेला होता बशांमध्ये. मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "बाबा विसरतात, चिडतात, मला कधी कधी सासूबाईंच्या नावानं हाक मारतात. पण असं हवेशी बोलताना मी त्यांना आजवर बघितलं नाही हो." मी त्यांना तिथेच, जिन्यात उभं राहून सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा. त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

घरी येऊन रेकॉर्डिंग लावलं. इथे अनेकांना वाटेल की त्यात तिसरा आवाज असणार. नाही. हेडफोन लावून, आवाज वाढवून ऐकलं. सर बोलतात, थांबतात, मध्ये पंखा, पुन्हा सर बोलतात. फोनवर बोलणाऱ्या माणसाची एकच बाजू ऐकावी तसं. बस.

मग तो फोटो कॉम्प्युटरवर मोठा करून बघितला. अगदी उजव्या कडेला, चौकटीच्या बाहेर जाता जाता, एक कोपर आहे. चार महिने तो फोटो माझ्या हातात होता, पण मी चेहरे बघत होते. कोपर कोणाचंही असू शकतं. मी त्याची प्रिंट काढून घेतली.

पुढच्या रविवारी गेले तेव्हा सर नेहमीसारखे होते. मी म्हटलं, "सर, शालूबद्दल अजून सांगा ना."

"कोण शालू?"

"मोहन्याची. नववा नंबर."

"नववा नंबर कुंदा होती," सर ठामपणे म्हणाले. "गुणपत्रक बघा."

मी रेकॉर्डिंग लावून दाखवलं. ते मान तिरकी करून ऐकत राहिले. "कोण आहेत हे गृहस्थ?" त्यांनी मेधाताईंना विचारलं. "छान बोलतात." त्यानंतर मी जात राहिले, पण रेकॉर्डर नेला नाही. दोन महिन्यांनी सर गेले, झोपेत.

एका माणसाच्या सांगण्यावर मी विश्वास ठेवणारी नाही, आणि सरांनी तर स्वतःचंच सांगणं नाकारलं होतं. म्हणून कुंदाला शोधलं. ठाण्यात कोलशेतला मुलाकडे राहते. नव्या टॉवरमध्ये, आठव्या मजल्यावर. दार तिनंच उघडलं. ठेंगणी, केस पूर्ण पांढरे, गुडघ्याला पट्टा. मी मंडळाकडून आलेय म्हटल्यावर खूश झाली. मग मी म्हटलं, "मी शालिनी गायकवाडची बहीण."

तिनं भिंतीला हात टेकला.

"शालूची बेबी? मैदानाच्या कडेला चिंचा खात बसायचीस... तीच ना?"

मला स्वतःला ते आठवत नव्हतं, तरी मी मान हलवली. तिनं मला आत नेलं, दार लावलं, आणि मी काही विचारायच्या आतच रडायला लागली. सरांनी सांगितलं होतं ते सगळं तिच्याकडून पुन्हा ऐकलं, शब्द न् शब्द तसंच. पाय मुरगळल्याचं, दाखल्याचं, चपलांचं. वर एक गोष्ट सरांनी सांगितली नव्हती. त्या गुणपत्रकावरून राज्याच्या शिबिरासाठी निवड झाली होती. अर्थात कुंदाच्या नावानं.

"मी गेले गं शिबिराला. दोन दिवसांत पाय दुखतो सांगून पळून आले. तिथे सगळ्यांना वाटत होतं ही फायनलवाली... मला कुठे तसं येत होतं? पण सर्टिफिकेट राहिलं माझ्याकडे. त्याच्यावरच पुढे सरकारी नोकरी लागली. खेळाडूंच्या कोट्यातून. शालूला द्यायला गेलेले मी ते सर्टिफिकेट. म्हणाली, ठेव तू, त्याच्यावर तुझं नाव आहे, मी काय करू त्याचं? मला पुढच्या वर्षी माझ्या नावाचं मिळेल."

बाहेर लिफ्टचा आवाज आला. ती डोळे पुसून कानोसा घेत राहिली.

"तू हे छापणारेस?"

"त्यासाठीच आलेय."

"मी गेल्यावर छाप ना गं." तिनं माझा हात धरला. "पेन्शनचं काय होईल ते होवो. पण नातू शाळेत सांगतो, माझी आजी खो-खोची चॅम्पियन. माझा फोटो नेऊन दाखवतो तो. त्याला काय सांगू, तुझी आजी बाकावर बसली होती?"

मी म्हटलं, "माझ्या आईला मी आयुष्यभर खोटी समजले."

हात सोडवून घेऊन मी निघाले. तेव्हा मला तिची दया आली नाही, हे खरंच सांगते. ती नंतर आली, हळूहळू. आठवड्याभरानं एक दिवस मनात आलं, कुंदाही तेव्हा सतराचीच होती. तिलाही कोणीतरी, तू जरा पुढे ये, एवढंच म्हटलं होतं.

निलेशला मी सगळं सांगितलं, लंगडीचं सोडून. तो बराच वेळ पेन उघडत-मिटत बसला. "मॅडम, तुम्ही म्हणाल ते छापू. कमिटीला मी बघून घेतो." म्हणजे ठरवायचं मलाच होतं.

स्मरणिकेचं प्रूफ मी तपासलं. फायनलच्या पानावर बारा नावं. नऊ नंबरपुढे कुंदा. मी त्या नावापुढे बरोबरची खूण केली आणि प्रेसला पाठवलं. समारंभात जुन्या खेळाडूंचा सत्कार झाला, कुंदा शाल अंगावर घेऊन स्टेजवर उभी होती, आणि सगळा वेळ तिची नजर मला शोधत होती. मी टाळ्या वाजवल्या. तिचा नातू पहिल्या रांगेत उभा राहून व्हिडिओ काढत होता.

कपाटात आता एक सीलबंद पाकीट आहे. त्यात रेकॉर्डिंगची प्रत आणि मी लिहिलेलं निवेदन. कधी उघडायचं ते वर लिहिलंय, आणि रजिस्टरात त्याची नोंद केलीय. ग्रंथपाल म्हणून तेवढंच करता येत होतं.

माझ्या मिस्टरांच्या भाच्याचा मित्र डॉक्टर आहे. तो म्हणतो, वय झाल्यावर असे भास होणं अगदी कॉमन आहे, सरांना स्मृतिभ्रंश होता, जुनं अपराधीपण वर आलं. मला पटतं. रिकामी खुर्ची, शालू, घाई... हे सगळं पटतं. बेबी हे नावसुद्धा सरांनी कधीतरी मैदानावर ऐकलं असेल, कुंदाला आठवत होतं तसं. समोर बसलेली साठीची बाई ती बेबी आहे हे त्यांनी चेहऱ्यावरून ओळखलं असेल, तेही घटकाभर मान्य. पण लंगडी? 'जिंकून ये' म्हटलेलं? तिथे येऊन डॉक्टर थांबतो, आणि मीही थांबते. ज्या दोघींनाच ठाऊक होतं त्यातली मी बोलले नव्हते. हिशेबानं एकच उरते, आणि तो हिशेब मला जमत नाही. बाबा असते तर म्हणाले असते, बोल बेबी, काय काय खोटं होतं त्यात? मी शोधलं बाबा. सापडलं नाही.

शेवटी एक सांगायचं राहिलं. या लेखातली सगळी नावं मी बदलली आहेत. सरांचं, मेधाताईंचं, निलेशचं, कुंदाचं. कोलशेतच्या त्या घरात कोणाला त्रास व्हायला नको. फक्त एक नाव बदललं नाही, कारण त्या नावावरून कोणी कुणापर्यंत पोचूच शकणार नाही... मंडळाच्या एकाही कागदावर ते नाही.

शालिनी किसन गायकवाड. मोहने. नऊ नंबर, नाबाद.